हेन्री मोस्ले: क्ष-किरणांची न झिजणारी मोजपट्टी बनवणारा तरुण

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा एक धडा आहे. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरून शाळेत येणारी मुलगी असो की दादरच्या शाळेतला मुलगा, तो धडा दोघांना सारखाच. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मग मेंडेलीव्हची सारणी, आणि त्यानंतर हेन्री मोस्ले या इंग्रज वैज्ञानिकाचा ओझरता उल्लेख. १९१३ साली त्याने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं की मूलद्रव्याची खरी ओळख त्याचा अणुवस्तुमानांक नसून अणुअंक आहे. एवढं पाठ केलं की एक गुण पक्का. धडा लगेच आधुनिक आवर्तसारणीकडे वळतो.

तो माणूस वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गोळी लागून मेला, हे पुस्तकात नसतं. आणि त्याने घालून दिलेल्या मापावर आज अवकाशात फिरणाऱ्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या दुर्बिणी तपासल्या जातात, हेही नसतं. त्यातल्या एका दुर्बिणीचं घर मुंबईत कुलाब्याला आहे. पण तिच्याकडे नंतर येऊ, आधी मोस्ले.

हेन्री ग्विन जेफ्रीज मोस्ले याचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेमथ गावी झाला. घरचे त्याला हॅरी म्हणत. विज्ञान त्याच्या घरात दोन्ही बाजूंनी आलं होतं. वडील हेन्री नॉटिज मोस्ले हे चॅलेंजर या जहाजावरून जगभरच्या समुद्रांचा अभ्यास करून आलेले निसर्गशास्त्रज्ञ आणि पुढे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. वडिलांचे वडील लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकवणारे गणिती. आईचे वडील शंख-शिंपल्यांचे नामांकित अभ्यासक. हॅरी चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील वारले आणि त्याला वाढवलं ते आई अ‍ॅमाबेल यांनी. त्या उत्तम बुद्धिबळ खेळत. १९१३ मध्ये, म्हणजे मुलगा प्रयोगशाळेत इतिहास घडवत होता त्याच वर्षी, त्या ब्रिटनच्या महिला बुद्धिबळ विजेत्या झाल्या. तो काळ पाहता ही गोष्ट काही लहान नव्हती.

हॅरी शिष्यवृत्तीवर ईटनला शिकला, मग ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. १९१० साली पदवी मिळाली ती दुसऱ्या वर्गात. परीक्षेच्या दिवसांत परागकणांच्या अ‍ॅलर्जीने तो बेजार झाला होता. मात्र त्याच वर्षी त्याला मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवण्याची नोकरी मिळाली. अणूच्या मध्यभागी इवलंसं, जड केंद्रक असतं हे रदरफर्ड यांनी मांडलं ते १९११ साली, म्हणजे अगदी मोस्लेच्या डोळ्यांदेखत. भौतिकशास्त्र करायला त्या वेळी याहून बरी जागा जगात क्वचितच असेल.

सुरुवातीला त्याला काम मिळालं किरणोत्साराचं, कारण त्या प्रयोगशाळेत सगळेच तेच करत होते. १९१२ मध्ये म्युनिकहून बातमी आली की माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेप्रमाणे स्फटिकातून क्ष-किरण पाठवले तर त्यांचे ठरावीक ठिपके उमटतात. याचा अर्थ क्ष-किरण प्रकाशासारख्याच लहरी आहेत आणि स्फटिकातले अणूंचे थर त्यांची तरंगलांबी मोजायला वापरता येतात. मोस्लेला या विषयाची ओढ लागली. रदरफर्ड आधी फारसे राजी नव्हते, कारण क्ष-किरणांचा अनुभव त्यांच्याकडे कुणालाच नव्हता. मोस्लेने जोडीदार गाठला तो चार्ल्स गॅल्टन डार्विन, उत्क्रांतीवाल्या डार्विनचा नातू. मोस्लेने लीड्सला जाऊन विल्यम ब्रॅग यांच्याकडून तंत्र शिकून घेतलं.

आता प्रश्न काय होता ते पाहू. मेंडेलीव्हने मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली होती, पण काही ठिकाणी हा क्रम गुणधर्मांशी जुळत नव्हता. कोबाल्टचं अणुवस्तुमान ५८.९३ आणि निकेलचं ५८.६९. वजन पाहायचं तर निकेल आधी यायला हवं, गुणधर्म पाहायचे तर कोबाल्ट. रसायनतज्ज्ञ कोबाल्टला आधी बसवत आणि त्यावर फार बोलत नसत. अणुअंक म्हणजे तेव्हा फक्त यादीतला अनुक्रमांक होता, वर्गातल्या हजेरीपटावरच्या नंबरासारखा. हा नंबर म्हणजेच केंद्रकावरचा धन प्रभार असावा अशी कल्पना एका डच वकिलाने मांडली होती. त्याचं नाव आंटोनियस फान डेन ब्रूक. भौतिकशास्त्र हा त्याचा छंद होता. १९१३ च्या उन्हाळ्यात नील्स बोर मँचेस्टरला आले तेव्हा या कल्पनेवर चर्चा झाली. मोस्लेने ती प्रत्यक्ष मोजून पाहायचं ठरवलं.

त्यासाठी त्याने जे उपकरण केलं ते पाहिलं की आजही मौज वाटते. साधारण हातभर लांबीची काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. नळीत छोट्या रुळांवर एक गाडी आणि गाडीवर वेगवेगळ्या धातूंचे तुकडे ओळीने बसवलेले. नळी न उघडता गाडी पुढे-मागे ओढायला रेशमी दोरी. हवा तो धातू इलेक्ट्रॉनच्या माऱ्यासमोर आणायचा, त्यातून निघणारे क्ष-किरण एका स्फटिकावर पाडायचे आणि परावर्तित किरण फोटोच्या काचेवर टिपायचे. हलक्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण इतके मवाळ असतात की काचच काय, साधी हवाही त्यांना गिळते. म्हणून नळीची खिडकी त्याने जनावराच्या आतड्यापासून बनणाऱ्या अतिशय पातळ पडद्याची केली.

असा मारा झाला की अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो. रिकाम्या जागी वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि दोन कक्षांमधल्या ऊर्जेचा फरक क्ष-किरणाच्या रूपात बाहेर पडतो. हा फरक प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा असतो. चार्ल्स बार्क्ला या शास्त्रज्ञाने असे खास किरण असतात हे आधीच दाखवलं होतं, पण त्यांची नेमकी तरंगलांबी कुणी ओळीने मोजली नव्हती.

मोस्लेने काही आठवड्यांत कॅल्शियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यं मोजून काढली. त्याची काम करायची पद्धत वेडगळच होती. रात्रभर प्रयोग चाले. मँचेस्टरमध्ये पहाटे तीन वाजता जेवण कुठे मिळतं याची पक्की माहिती असणं हे मोस्लेचं एक खास ज्ञान होतं, असं डार्विनने पुढे आठवणीत सांगितलं आहे. जस्त एकटं वापरणं अवघड म्हणून त्याने पितळच वापरलं, कारण पितळेत तांबं आणि जस्त दोन्ही असतात. फोटोंच्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या तर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या रेषा सरकत गेलेल्या दिसत होत्या. वारंवारतेचं वर्गमूळ काढलं की प्रत्येक मूलद्रव्यागणिक ते अगदी सारख्या अंतराने वाढत होतं. कोबाल्टची पायरी निकेलच्या आधी होती. वाद तिथेच मिटला.

हे सूत्र इतकं सोपं आहे की दहावीच्या वहीत करून पाहता येतं. अणुअंकातून १ वजा करा, उत्तराचा वर्ग करा आणि त्याला १०.२ ने गुणा. येतं ते त्या मूलद्रव्याच्या मुख्य क्ष-किरण रेषेची ऊर्जा, इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात. मँगनीजचा अणुअंक २५. चोवीसचा वर्ग ५७६, गुणिले १०.२ म्हणजे साधारण ५,८७५. आजच्या अचूक उपकरणांनी मोजलेला आकडा सुमारे ५,९०० आहे. तांब्याचा अणुअंक २९. अठ्ठावीसचा वर्ग ७८४, उत्तर जवळजवळ ८,०००, प्रत्यक्षात सुमारे ८,०५०. चूक एक टक्क्याच्याही आत. त्यातला १०.२ हा आकडाही हवेतून आलेला नाही. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घ्या, तिचा पाऊण हिस्सा म्हणजे १०.२. बोर यांच्या नव्याकोऱ्या अणुसिद्धांतातूनच तो येतो, आणि त्या सिद्धांतावर विश्वास बसायला मोस्लेच्या रेषांची फार मदत झाली.

पहिला निबंध डिसेंबर १९१३ मध्ये छापून आला. तोवर मोस्लेने मँचेस्टर सोडलं होतं. आईजवळ राहता यावं आणि पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापकी मिळावी हा त्याचा बेत. ऑक्सफर्डमध्ये त्याला ना पद होतं ना पगार. प्रयोगशाळेत जागा तेवढी मिळाली. १९१४ च्या एप्रिलमध्ये दुसरा निबंध आला आणि यादी सोन्यापर्यंत, म्हणजे ७९ व्या क्रमांकापर्यंत पोचली. मधल्या ४३, ६१ आणि ७५ या पायऱ्या रिकाम्या होत्या. तिथे अजून न सापडलेली मूलद्रव्यं असणार, असं त्याने ठामपणे लिहिलं. ७५ वं रेनियम १९२५ साली सापडलं, ४३ वं टेक्नेशियम १९३७ साली आणि ६१ वं प्रोमेथियम १९४५ साली. तिन्ही शोध लागले तेव्हा मोस्ले नव्हता.

त्याच वर्षी पॅरिसहून जॉर्ज उर्बेन हे रसायनतज्ज्ञ आपल्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे नमुने घेऊन ऑक्सफर्डला आले. ही मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखी असल्याने ती वेगळी करायला उर्बेन यांची वर्षानुवर्षं गेली होती. मोस्लेने काही दिवसांत नमुन्यात काय आहे आणि काय नाही ते सांगून टाकलं. उर्बेन यांना सेल्टियम नावाचं नवं मूलद्रव्य सापडल्यासारखं वाटत होतं, ते त्यात नव्हतं. एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या मेहनतीचा निकाल आठवड्याभरात लागावा, आणि तरीही उर्बेन मोस्लेचे चाहते होऊन परतले. हे उर्बेन यांच्याबद्दलही बरंच सांगून जातं.

१९१४ च्या उन्हाळ्यात मोस्ले आईला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे ब्रिटिश वैज्ञानिकांचं अधिवेशन होतं. वाटेत असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. अधिवेशन आटोपताच तो परतला आणि सैन्यात जायचा हट्ट धरून बसला. त्याला कुणी सक्ती केली नव्हती, ब्रिटनमध्ये सक्तीची भरती अजून आलीच नव्हती. रॉयल इंजिनिअर्समध्ये तो संदेशवहनाचा अधिकारी झाला आणि ३८ व्या ब्रिगेडबरोबर तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला गेला.

ऑगस्ट १९१५ मध्ये तिथल्या चुनुक बैर नावाच्या डोंगररांगेसाठी भीषण लढाई झाली. ९ तारखेला गुरखा पलटण माथ्यापर्यंत पोचली होती, पण टिकाव लागला नाही. १० ऑगस्टच्या पहाटे मुस्तफा केमाल यांच्या नेतृत्वाखाली तुर्की सैन्य उतारावरून खाली आलं. मोस्लेच्या ब्रिगेडचा प्रमुखही त्या दिवशी मारला गेला. मोस्ले टेलिफोनवरून हुकूम पाठवत असताना त्याच्या डोक्यात गोळी लागली. त्याची कबर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. गॅलिपोलीच्या हेलेस स्मारकावरच्या हजारो नावांत त्याचं नाव कोरलेलं आहे. मरणाच्या थोडे आधी केलेल्या मृत्युपत्रात त्याने आपली उपकरणं आणि पैसा रॉयल सोसायटीला प्रायोगिक संशोधनासाठी देऊन टाकला होता.

त्या वर्षीच्या नोबेलसाठी स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी मोस्लेचं नाव सुचवलं होतं. १९१५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ब्रॅग पिता-पुत्रांना मिळालं, १९१७ चं बार्क्ला यांना, आणि मोस्लेचं काम पुढे नेणाऱ्या मान्ने सीगबान यांना १९२४ चं. मोस्लेच्या पुढचे आणि मागचे दोन्ही नोबेलचे मानकरी झाले. रदरफर्ड यांनी जाहीरपणे लिहून दुःख आणि राग व्यक्त केला की अशा माणसाला खंदकात धाडणं ही देशाची उधळपट्टी होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या शास्त्रज्ञांना आघाडीवर न पाठवता प्रयोगशाळेत ठेवलं, त्यामागे या मृत्यूची आठवण होती असं बरेच जण मानतात.

आता कुलाब्याची दुर्बीण. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट हा भारताचा खगोलशास्त्रीय उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत गेला. त्यावरची मवाळ क्ष-किरणांची दुर्बीण, म्हणजे एसएक्सटी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवली. तिचा कॅमेरा ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाच्या साथीने झाला. कॅमेऱ्यात सीसीडी असते, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात असायची तशीच, पण उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवलेली. क्ष-किरणाचा एक कण तिच्यावर आदळला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. किती इलेक्ट्रॉन सुटले ते मोजलं की त्या कणाची ऊर्जा कळते. ५,९०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कणामागे साधारण सोळाशे इलेक्ट्रॉन.

हा सगळा मामला वजनकाट्याचा आहे. बीडच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं काट्यावर चढतं तेव्हा शेतकऱ्याचं लक्ष आकड्यावर असतं. काटा वापरून वापरून सरकतो, म्हणून वैधमापन विभागाचा माणूस प्रमाणित वजनं घेऊन येतो, काटा तपासतो आणि शिक्का मारतो. अवकाशातला काटाही सरकतो. सीसीडीमधले इलेक्ट्रॉन मोजायच्या जागेपर्यंत एका खणातून दुसऱ्या खणात असे शेकडो वेळा ढकलले जातात, आग विझवताना माणसांची रांग हातोहात बादल्या पुढे देते तसे. अवकाशातल्या किरणोत्साराचा मारा सोसून सिलिकॉनमध्ये बारीक खड्डे पडतात आणि दर हाताला थोडं पाणी सांडू लागतं. सोळाशेतले सोळा इलेक्ट्रॉन वाटेत अडकले तर ऊर्जा जवळजवळ ६० इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी भरते. वर्षं जातील तशी ही गळती वाढते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? बरंच काही. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूतल्या लोहाची रेषा ६,४०० इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसते. वायू वेगाने दूर जात असेल तर ती खाली सरकते, आणि सरकण्यावरून वेग काढतात. आता काटाच ३० इलेक्ट्रॉनव्होल्टने चुकला, तर जागेवर स्थिर असलेला वायू सेकंदाला १,४०० किलोमीटर वेगाने पळतोय असं गणित सांगेल. एसएक्सटीच्या माहितीवर काम करणारे शास्त्रज्ञ साधारण एवढीच दुरुस्ती करून पुढे जातात, म्हणजे ही भीती कागदी नाही.

मग ६५० किलोमीटर उंचीवर प्रमाणित वजन कोण नेणार? ते आधीच बरोबर बांधून दिलं होतं. सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ या किरणोत्सारी समस्थानिकाचे चार बारीक स्रोत रोखलेले आहेत, आणि कॅमेऱ्याच्या झाकणावर पाचवा. लोह-५५ चं केंद्रक आपल्याच आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन गिळतं आणि मँगनीज होतं. आतली जागा रिकामी, वरचा इलेक्ट्रॉन उतरणार, आणि बाहेर पडणार मँगनीजची ती रेषा, ५,९०० इलेक्ट्रॉनव्होल्टची. मोस्लेने १९१३ मध्ये गाडीवर ठेवलेल्या तुकड्यांत मँगनीज होतंच. त्याला जी रेषा काचेवर टिपायला इलेक्ट्रॉनचा मारा करावा लागला, ती इथे आपोआप येत राहते.

हे वजन झिजतही नाही, आणि झिजतंही. लोह-५५ चा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षं. दहा वर्षांत त्याचा जोर बाराव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. पण कमी होते ती कणांची संख्या. जो कण निघतो त्याची ऊर्जा पहिल्या दिवशी होती तेवढीच असते, कारण ती मँगनीजच्या अणुअंकावर ठरते आणि अणुअंकाला वय नसतं. अमेरिकेच्या चंद्रा वेधशाळेवरही असाच लोह-५५ चा स्रोत आहे. ती १९९९ पासून फिरते आहे आणि तिचा स्रोत आता फार मंद झाला आहे. म्हणून तिथे कॅसिओपिया-ए या स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषाकडे पाहून काटा तपासतात. अ‍ॅस्ट्रोसॅटसाठी १५७२ साली दिसलेल्या टायको नवताऱ्याचा अवशेष वापरला गेला आहे. त्यात सिलिकॉन, गंधक आणि लोहाच्या ठळक रेषा आहेत. अडचण अशी की तिथला वायू अतितप्त आहे आणि स्वतःच हजारो किलोमीटर वेगाने पसरतो आहे, त्यामुळे त्याच्या रेषा मँगनीजच्या रेषेइतक्या स्वच्छ नसतात.

अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या दुसऱ्या एका उपकरणाने वेगळी वाट धरली. कठोर क्ष-किरण टिपणाऱ्या सीझेडटीआयमध्ये अमेरिशियम-२४१ हा स्रोत ठेवला आहे. त्याचा अर्धायुकाल ४३२ वर्षं. पण त्याची रेषा ६०,००० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ आहे, एसएक्सटीच्या काट्यावर ती मावत नाही. क्विंटलच्या वजनाने सोनाराचा तराजू कसा तपासणार? म्हणून एसएक्सटीच्या चार कोपऱ्यांतलं मँगनीज हाच आधार, आणि स्रोत जसा मंदावतो तसे एक रेषा नीट उमटण्यासाठी अधिकाधिक दिवसांचे कण एकत्र करावे लागतात.